दोन विमानांच्या मधली शांतता

दिल्ली कॅन्ट ही माझी शेवटची पोस्टिंग. एका इंजिनिअर रेजिमेंटमध्ये मी नायब सुभेदार होतो. पूल बांधणं, सुरुंग काढणं आणि नागरी प्रशासनाने बोलावलं तर मदतीला जाणं ही आमची कामं. कोसळलेल्या इमारतीतून माणसं काढण्याचं प्रशिक्षण घेतलेला एक कॉलम, म्हणजे तुकडी, युनिटमध्ये कायम तयार असे. मी त्या कॉलमचा जेसीओ, जवानांवरचा कनिष्ठ अधिकारी होतो.

कॅन्टमध्ये फॅमिली क्वार्टरसाठी मोठी प्रतीक्षा यादी होती. त्यामुळे आम्ही द्वारकेत एका सोसायटीत भाड्याने राहत होतो. माझी पत्नी सुनंदा त्या दिवसांबद्दल अजून बोलते. फौजेत लग्न करून आल्यापासून शेजारणीशी रोज मराठीत बोलायला मिळालं ते तिथेच. संध्याकाळी खाली बाकावर बायका बसायच्या. मुलं त्यांना हिंदीत उत्तरं द्यायची. डोक्यावरून विमानं उतरायची, इतकी खाली की चाकं दिसायची. नव्या माणसाला त्याचा त्रास होई. जुनी माणसं विमान आलं की वाक्य अर्ध्यावर सोडत, ते गेलं की पुढे बोलत. कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

गणपतीच्या आधी दर रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा सराव असे. घरांजवळ वाजवलं तर तक्रारी येत, म्हणून सेक्टरच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर. पथकाची प्रमुख वैदेही साठे. आठवडाभर एका केंद्रीय मंत्रालयात फायली हलवायची आणि रविवारी ताशा वाजवायची. पथकात बहुतेक दिल्लीत वाढलेली मुलंमुली, कॉलेजातली किंवा गुरुग्रामच्या कंपन्यांत नोकरी करणारी.

मी चहाचा ग्लास घेऊन कडेला उभा राहायचो. वाजवण्यातलं मला फार कळत नाही. थांबण्यातलं कळतं. वैदेहीने दोन्ही काड्या डोक्यावर नेऊन एकमेकींवर आडव्या धरल्या की सगळे ढोल त्या क्षणी बंद. एखाद्याचा ठोका मागे राहिला, तर त्याला सगळ्यांसमोर एकट्याने तो वाजवून दाखवावा लागे. मग दहा मिनिटं चेष्टा.

"काय सुभेदार, तुमच्या परेडला जमतं का असं?" प्रधान काका मला विचारायचे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळाचे सर्वांत जुने सभासद.

"नायब सुभेदार, काका."

"तुम्हाला प्रमोशन देतोय. गपचूप घ्या."

त्या रविवारी सराव सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. मागच्या गावाकडून एक जड आवाज आला. द्वारकेच्या सेक्टरांच्या मध्ये अशी जुनी गावं शिल्लक आहेत. गल्ल्या अरुंद, इमारती चार-चार मजल्यांच्या, भिंतीला भिंत. ढोल आपोआप थांबले. गच्च्यांच्या वर पिवळट धूळ चढत गेली.

मी तिथूनच युनिटच्या ड्युटी ऑफिसरला फोन केला. जागा सांगितली, गल्लीची रुंदी सांगितली, इमारतीचा अंदाज सांगितला. कंपनी कमांडर मेजर गिल साहेबांनी स्वतः फोन घेतला.

"नलावडे साब, प्रशासन की रिक्वेस्ट आते ही कॉलम निकलेगा. तब तक आप वहीं हो?"

"जी सर. पाच मिनिट में साइट पर."

"अकेले?"

मी मागे पाहिलं. पथकातलं कुणीच प्लॉटवर उरलं नव्हतं, सगळे धुळीच्या दिशेने धावले होते. "नहीं सर," मी म्हणालो.

शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम चालू होतं. त्या बाजूची भिंत सुटली आणि इमारत खड्ड्याकडे झुकून बसली. आधी मोठा तडा गेला होता, त्यामुळे वरचे भाडेकरू धावत बाहेर आले होते. आपापली माणसं मोजून ते समोरच्या ओट्यावर उभे होते. तळमजल्यावरची खोली रामधनची होती. रामधन आमच्या सोसायटीचा इस्त्रीवाला. तो सायकलवर कपडे पोचवायला गेला होता. खोलीत त्याची बायको फूलमती आणि वडील होते. ते दोघे बाहेर आले नव्हते.

मी पोचलो तेव्हा पथकातली मुलं ढिगाऱ्यावर चढून हातांनी विटा फेकत होती.

"खाली उतरा!"

"सर, आत माणसं आहेत!" एक जण ओरडला.

"म्हणूनच उतरा. तुम्ही ज्यावर उभे आहात ते त्यांच्या डोक्यावर आहे."

ती उतरली. नागरिकांना हुकूम देता येत नाही, ही गोष्ट फौजी माणसाला उशिरा समजते. त्यांना कारण द्यावं लागतं. कारण पटलं तर ती जवानापेक्षा कमी काम करत नाहीत.

दुसरी अडचण गल्लीच्या तोंडाशी होती. प्रधान काकांनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता: सर्वांनी ताबडतोब या, जमेल ते घेऊन या. आणि सगळे आले होते. गाड्या घेऊन. पाण्याचे खोके, बिस्किटं, जुने कपडे, एका घरून पोह्यांचं अख्खं पातेलं. गाड्या एकीमागे एक लागल्या होत्या आणि सायकलही आत येऊ शकत नव्हती.

"काका, मेसेज तुम्ही टाकलात?"

"मीच. का, लोक नकोत?"

"लोक हवेत. गाड्या नकोत. अॅम्ब्युलन्स आणि माझा कॉलम याच गल्लीतून येणार."

काकांनी मागे वळून त्या रांगेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते जास्त वेळ त्यात राहिले नाहीत. "आयुष्यभर गाड्याच हलवल्यात," ते म्हणाले. "माझी स्वतःची पहिली." थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाकडून त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. "अरे भाईसाहब, रिव्हर्स! रिव्हर्स कळतं का? देशपांडे, तुम्ही क्लास वन ऑफिसर असाल, गाडी थर्ड क्लास लावलीय!" संध्याकाळपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

पथकाकडे एक जाड दोर होता. मिरवणुकीत गर्दी अंगावर येऊ नये म्हणून वादकांच्या भोवती धरायचा. तो मी ढिगाऱ्याभोवती धरायला लावला. दोराच्या आत फक्त मी. बाकी सगळे बाहेर. जे खोके घेऊन आले होते त्यांना सावलीतली एक जागा दाखवली. घमेली गोळा करायला चार मुलं पाठवली.

"काका, घमेलं म्हणजे?" त्यातल्या एकाने मला विचारलं.

"तसला." मी हिंदी शब्द सांगितला.

"अच्छा, तसला! मग तसं बोला ना यार."

तेवढ्यात रामधन आला. सायकलला अजून दोन गाठोडी लटकत होती. त्याने सायकल सोडून दिली, ती पडली. त्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि मग शेजारच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या जेसीबीकडे.

"साब, जेसीबी लगवा दो. मेरी घरवाली अंदर है. बाबूजी हैं."

गर्दीने ते उचललं. "जेसीबी लगाओ!" गर्दी आता शेकड्यांत होती. चालक केबिनमध्ये चढलाही होता.

गोष्ट सोपी होती. छताची स्लॅब तिरकी पडून एका भिंतीवर टेकली होती. तिच्याखाली जागा उरली असण्याची शक्यता होती. तिथे माणसं असतील, तर जेसीबीचा पहिला घास त्यांच्यावर स्लॅब बसवेल. नसतील, तर हाताने खोदण्यात जाणारा वेळ दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसांचा जीव घेईल. कुठे आहेत ते समजणं आवश्यक होतं. त्यासाठी ऐकावं लागतं आणि ऐकण्यासाठी शांतता लागते.

मी दोनदा ओरडलो. पुढच्या रांगा गप्प झाल्या, मागच्या रांगा काय झालं ते विचारू लागल्या. तिथे पोचलेल्या एका पोलिसाने शिटी वाजवली, तिने गोंगाट वाढला. वरून विमान गेलं.

वैदेही दोरापाशी उभी होती. ताशा अजून तिच्या गळ्यात होता.

"नलावडे साहेब, किती वेळ शांतता हवी?"

"एक मिनिट. दोन मिळाली तर उत्तम."

"दोन विमानांच्या मध्ये मिळेल. आम्ही देतो. आमच्या लोकांना थांबायची सवय आहे."

"ढोल नको. ढोलाचा हादरा जमिनीतून जातो."

"फक्त ताशा. तोही रस्त्याच्या टोकाला जाऊन."

तिने पथक गर्दीत पेरलं. दर दहा-पंधरा माणसांमागे एक केशरी टी-शर्ट. ती स्वतः एका टेम्पोच्या मागच्या फळीवर चढली. विमान डोक्यावरून पुढे सरकताच तिने ताशा सुरू केला. कडकडाट असा की सगळी गर्दी ढिगाऱ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळली. कुणीतरी चिडून म्हणालं, "ये कोई टाइम है बजाने का?" लय चढत गेली. मग तिने दोन्ही काड्या वर नेऊन आडव्या धरल्या. गर्दीतल्या प्रत्येक केशरी टी-शर्टचे दोन्ही हात त्याच क्षणी वर गेले.

गर्दी थांबली. आवाज चढत गेला आणि एकाएकी तुटला, की माणूस श्वास धरतो. शेकडो लोकांनी तो धरला. एक मूल रडायला लागलं, त्याच्या आईने ते छातीशी दाबलं. जेसीबीच्या चालकाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मी स्लॅबच्या कडेला कान लावला. आधी काहीच नाही. मग टक. टक. टक. लोखंडाचा आवाज, फरशीवर. खोलीच्या मागच्या कोपऱ्यातून.

बाहेर आलेल्या सळईवर मी हातोडीने तीन वेळा ठोकलं. आतून तीन ठोके आले. मी दोन ठोकले. दोन आले.

रामधन दोराला धरून उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "प्रेस है साब. हमारी कोयले वाली प्रेस की आवाज़ है." त्यांची कोळशाची इस्त्री.

पुढचं विमान आलं. जेसीबीचा चालक केबिनमधून उतरला आणि घमेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यानंतर जेसीबीचं नाव कुणी काढलं नाही.

अग्निशमन दलाचे लोक आले, पाठोपाठ आमचा कॉलम. गाड्या थेट आत आल्या. मेजर साहेबांनी गल्लीच्या तोंडाशी कंट्रोल लावला आणि मला वायरलेस सेट दिला. दोराच्या आत आता प्रशिक्षित माणसं होती. जॅक, टेकू, कटर. बाहेर मंडळ, सोसायट्या आणि गावातले लोक. ढिगाऱ्यापासून रस्त्यापर्यंत दोन रांगा. एकीतून भरलेली घमेली बाहेर, दुसरीतून रिकामी आत. त्या गावात आणि आमच्या सोसायट्यांमध्ये एरवी पार्किंगवरून भांडणं चालत. त्या दिवशी कोण कुठला हे धुळीमुळे ओळखू येत नव्हतं.

काही वेळाने घमेल्यांतून कपडे येऊ लागले. इस्त्रीला टाकलेले आमचेच. शर्ट, सलवारी, घड्या घातलेल्या चादरी, विटांच्या चुऱ्यात. सुनंदा रांगेत होती. तिच्या हातात तिचीच सुती साडी आली. "माझी ही," ती शेजारणीला म्हणाली, ती बाजूला ठेवली आणि पुढचं घमेलं घेतलं.

मधून मधून वैदेही टेम्पोवर चढे. ताशा, काड्या वर, शांतता. दुसऱ्या वेळी आतून आवाज आला नाही. तिसऱ्या वेळीही नाही. मी सळईवर ठोकत होतो. उत्तर येत नव्हतं.

सेटवर परिस्थिती विचारणारा मेजर साहेबांचा आवाज आला. 'वन टू' म्हणजे मी. "वन टू, सिट रेप, ओव्हर."

"वन टू. शोअरिंग चालू. साउंड निगेटिव्ह. ओव्हर." टेकू लागत होते, आतून आवाज नव्हता.

"साब, पहले वाला कन्फर्म था?"

"कन्फर्म, सर. जवाब के साथ. दो बार."

"रॉजर. उसी लाइन पर चलते रहो. आउट."

रामधन दर खेपेला माझ्याकडे पाही. एकदाच त्याने विचारलं, "आवाज़ आ रही है ना, साब?" मी म्हणालो, "हम उन तक जा रहे हैं." माझ्याकडे तेवढंच होतं.

त्या तासांत मला पथकातल्या मुलांचं आश्चर्य वाटलं. आतला आवाज बंद झाल्यावर माणसं सैल पडतात. फौजेतही पडतात. इथे रांगेतली लय तशीच राहिली. कुणी दमलं तर मागचा खांद्यावर हात ठेवून त्याची जागा घेई. मिरवणुकीत ढोल बदलतात तसंच. त्यासाठी त्यांना मी काही शिकवलं नव्हतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा हवालदार कांबळे स्लॅबखाली आडवा सरकला. तो आमच्यातला सर्वांत सडपातळ. त्याचे बूट दिसेनासे झाले. मग आतून त्याचा आवाज आला.

"साहेब, बाई आहे. जिवंत. पाणी मागतेय."

मी ते सेटवर सांगितलं. मोठ्याने सांगितलं नाही. तरी दोन्ही रांगांमधून ते रस्त्यापर्यंत माझ्या आधी पोचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वैदेहीच्या काड्या खाली होत्या, पण कुणी बोलत नव्हतं.

फूलमती स्ट्रेचरवर बाहेर आली. एक पाय मोडला होता, केस सिमेंटने पांढरे. रामधन स्ट्रेचरबरोबर धावला. अॅम्ब्युलन्सला एकदाही ब्रेक लावावा लागला नाही. कोपऱ्यावर प्रधान काका दोन्ही हात पसरून इतर गाड्यांचा रस्ता अडवून उभे होते. ती निघून गेल्यावर ते फुटपाथवर बसले.

कांबळे पुन्हा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याने हेल्मेट काढलेलं होतं. "साहेब," तो म्हणाला, "म्हातारबाबा गेलेत."

वडिलांना बाहेर आणलं. अंगावर घालायला काही हवं होतं. वैदेहीने बाजूच्या कपड्यांतून एक पांढरी चादर उचलली, झटकली आणि घातली. चादरीच्या घड्या तशाच उठून दिसत होत्या. ती कुणाची हे कुणी विचारलं नाही, आणि नंतरही कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये मी रिपोर्ट दिला. त्यात स्थानिक स्वयंसेवकांसाठी एक परिच्छेद होता. पुढच्या गणपतीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. आम्ही द्वारकेतच राहिलो. मंडळाने मला दर महिन्याच्या एका रविवारी, अशा वेळी मदत कशी करावी यावर तासभर बोलायला सांगितलं. मी अजून बोलतो. शेजारच्या गावातलेही लोक येतात.

लोक विचारतात, आम्हाला तर काही येत नाही, आम्ही येऊन काय करणार? मी त्यांना त्या रविवारचं सांगतो. पायी या. आल्यावर तिथे जो जबाबदार असेल त्याला गाठा, तो सांगेल ते एक काम घ्या आणि ते सोडून दुसऱ्याकडे धावू नका. ढिगाऱ्यावर पाय ठेवू नका. पोहे आणायचे तर विचारून आणा, संध्याकाळी त्यांचीही गरज पडते, सकाळी नाही. आणि तुम्हाला जे येतं ते क्षुल्लक समजू नका. कुणाला गर्दी वळवता येते, कुणाला गाड्या. त्या दिवशी सर्वांत उपयोगी ठरलं ते एका पथकाचं एकदम थांबणं. ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

प्रधान काका मागच्या रांगेतून दर वेळी म्हणायचे, "आणि ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी सुभेदारांना विचारा." लोक हसत. गेल्या हिवाळ्यात काका गेले. ती रांग आता मला जरा मोकळी वाटते.

फूलमती तीन-चार महिन्यांनी चालायला लागली. रामधनने आमच्या गेटपाशी कडुनिंबाखाली पुन्हा टेबल लावलं. ती एकदा घरी आली, कपडे द्यायला. सुनंदाने तिला बसवलं. चहा पिता पिता तिने आपण होऊन सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

छत पडलं तेव्हा बाबूजी इस्त्री करत होते. इस्त्री हातातच राहिली. छाती दबली होती, ओरडता येत नव्हतं, तरी हात मोकळा होता. अंधारात ते फरशीवर ठोकत राहिले. किती वेळ ते तिला सांगता येत नव्हतं. ती म्हणाली की मग बाहेरचे सगळे आवाज एकदम बंद झाले. तिला वाटलं, लोक निघून गेले. तेवढ्यात वरून ठोका आला. बाबूजींनी उत्तर दिलं. पुन्हा ठोका आला, पुन्हा दिलं.

"फिर बोले, सुन लिया उन्होंने. अब तू बजा बहू, मैं थक गया." ती कपाकडे पाहत होती. "मेरा हाथ नहीं पहुँचा, भैया. प्रेस उनके पास थी."

मी तिला त्यांचं नाव विचारलं. रिपोर्टमध्ये 'मृत, एक, वय अंदाजे सत्तर' असं होतं. तिने आधी पदर डोक्यावर घेतला, सासऱ्याचं नाव घ्यायचं म्हणून, आणि मग सांगितलं. बाबूलाल.

युनिटच्या स्थापना दिवशी आम्ही निवृत्त झालेले लोक जमतो. स्मारकाच्या भिंतीसमोर उभे राहून युनिटच्या शहिदांची नावं वाचली जातात, नंबर, रँक, नाव. यातल्या काही जणांबरोबर मी जेवलो आहे, एकाच तंबूत झोपलो आहे. प्रत्येक नावानंतर एक क्षण सोडतात. शेवटच्या नावानंतर बिगुल वाजण्याआधी थोडा वेळ उरतो. तेवढ्यात मी मनात एक नाव घेतो. त्याला नंबर नाही, रँक नाही. बाबूलाल, इस्त्रीवाला. बाहेरून उत्तर येईपर्यंत त्याने हात थांबवला नाही.